दोराच्या टोकाला जाऊबाई

आमच्या घरात थोरल्या जाऊबाईंनी तोंड उघडलं, की सासूबाईंचं उत्तर तयार असायचं. जाऊबाई म्हणाल्या, "आज गॅसवाला येणार आहे," की सासूबाई म्हणायच्या, "हां, तू टीव्हीवर येनार व्हतीस तसाच ना?" जाऊबाई म्हणाल्या, "पोराचा पेपर चांगला गेला," की, "टीव्हीवानीच का?" पंचवीसेक वर्षं हे चाललं. दुसरी एखादी असती तर वेगळी चूल मांडून मोकळी झाली असती. जाऊबाई कणीक मळत राहायच्या. फक्त कणकेला जरा जास्त मार बसायचा.

प्रकरण असं होतं. जाऊबाईंचं माहेर परतूर. कॉलेजात असताना त्या रस्सीखेचीच्या संघात होत्या. त्या काळी टीव्हीवर खेळांच्या मुकाबल्याचा एक कार्यक्रम लागायचा. ओंडक्यावरून पाण्याचा हौद ओलांडायचा, ट्रकचे टायर ढकलत न्यायचे, पाठीवर पोतं घेऊन पळायचं आणि शेवटी चिखलाच्या खड्ड्यावर दोर ओढायचा. जो संघ चिखलात गेला तो हरला. सगळं गाव ते बघायचं, कारण दुसरं काही लागत नव्हतं. त्या कार्यक्रमात परतूरच्या आठ मुली औरंगाबादला जाऊन दोर ओढून आल्या आणि जिंकून आल्या. भाग पुढं दाखवणार होते. तेवढ्यात जाऊबाईंचं लग्न जमलं, आणि आमच्या सासूबाईंनी वडीगोद्रीभर सांगून टाकलं, की आमची सून टीव्हीत दिसणार आहे.

त्या रविवारी सासूबाईंनी गल्ली बोलावली. सतरंज्या अंथरल्या, चहा केला, परातभर चिवडा केला. शहागडहून त्यांची धाकटी बहीण मुद्दाम आली. ठरल्या वेळी टीव्ही लावला, तर कार्यक्रम बंद झालेला. त्या जागी कांद्यावरच्या रोगांची माहिती. गल्लीनं चिवडा संपेपर्यंत कांदा बघितला. उठताना शहागडच्या मावशी म्हणाल्या, "आक्का, कांदे छान व्हते. त्यातली तुझी सून कोनती?"

हे सासूबाईंच्या जिव्हारी लागलं. बहिणीला काही बोलता येईना, म्हणून त्यांनी सुनेला धरलं. ती थापाडी आहे, टीव्हीबिव्ही काही नव्हतं, लग्न जमवायला माहेरच्यांनी मारलेली लोणकढी होती, असं त्यांनी ठरवून टाकलं. फोटो नव्हता. त्या मुलींपैकी कॅमेरा होता कुणाकडं? कार्यक्रम बंद झाल्यावर भाग कुठल्या कपाटात गेला, ते टीव्हीवाल्यांनाही माहीत नसेल.

मी धाकटी सून. हायवेला आमचं पाइप, मोटारी आणि ठिबकचं दुकान आहे, ते मी चालवते. नवरा आणि थोरले दीर शेती बघतात. दुकानदाराला पावती लागते, त्यामुळं खरं सांगायचं तर जाऊबाईंच्या गोष्टीवर मीही मनातल्या मनात थोडी सूट देऊन विश्वास ठेवायची.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये दुकानात फोन आला. एका चॅनलवरून मुलगी बोलत होती. तो जुना कार्यक्रम नव्यानं सुरू होणार होता. पहिल्या भागात जुन्या खेळाडू बायका आणि आताच्या जिममधल्या मुली यांचा सामना ठेवायचा होता. जाऊबाईंच्या संघातली एक मैत्रीण पुण्यात असते, तिनं आमचा नंबर दिला होता. मुलगी म्हणाली, "मॅम, त्या अजून आहेत ना?" मी म्हटलं, "आहेत. आत्ता भाकरी करतायत."

कार्यक्रमाचं नाव मी इथं लिहीत नाही. कुठंही लिहायचं नाही म्हणून त्यांनी आमच्या सह्या घेतल्या आहेत.

मी घरी येऊन सांगितलं. जाऊबाईंची तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. मी या घरात आल्यापासून त्यांची भाकरी करपलेली पहिल्यांदा बघितली. सासूबाई म्हणाल्या, "करपव आनखी. टीव्हीवाली."

रात्री भांडी घासताना जाऊबाई मला एवढंच म्हणाल्या, "मला काही गावभर दिसायचं नाही. या बाईला एकदा दिसलं म्हणजे बास."

जुन्या आठजणी गोळा करणं सोपं नव्हतं. एक देवाघरी गेली होती. एकीचा गुडघा बदललेला. एक लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत बसलेली. पाच जमल्या, दोन धडधाकट बायका गावातून घेतल्या, आणि एक कमी पडली म्हणून मी. माझी पात्रता एवढीच, की पाण्यातली मोटार मी गडी नसला तर स्वतः ओढून वर काढते. शिवाय बक्षिसात जिंकणाऱ्या प्रत्येकीला मोठा कूलर होता. आमच्या दुकानाला पत्र्याचं छप्पर आहे. मी कूलरसाठी खेळले, हे स्पष्ट लिहिते.

सराव दुकानामागं. ट्रॅक्टर न्यूट्रलला टाकायचा, मागं दोर बांधायचा आणि ओढायचा. जाऊबाई सगळ्यात शेवटी. त्या दोर कमरेभोवती घेऊन टाचा मातीत रुतवायच्या आणि मागं झुकायच्या. तेव्हा ही बाई थापाडी नाही हे माझ्या लक्षात आलं. असं झुकणं कुणी थापा मारून शिकत नाही. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर हलला नाही. दोन दिवसांनी हलला. आठवड्यानं तो आमच्या मागं बैलासारखा यायला लागला. हायवेवरचे ट्रकवाले गाडी हळू करून विचारायचे, "काय बाई, सेल्फ गेला का?"

चॅनलची माणसं जागा बघायला आली. त्यांना आमचं रोडच्या कडेचं नांगरलेलं रान पसंत पडलं, कारण जनरेटरची गाडी थेट बांधापर्यंत येत होती. मे महिन्याच्या दुपारी मराठवाड्यात दोर ओढायचं ठरवणाऱ्या माणसाला मी काय म्हणावं? त्याला दिग्दर्शक म्हणत होते. पस्तिशीचा, टोपी उलटी घातलेला, बोलायला गोड. त्याला आम्ही नऊवारीत हव्या होतो. जाऊबाई म्हणाल्या, "तेव्हा आम्ही ट्रॅकपँट घालून ओढलं. नऊवारी तर आमच्या सासूबाईसुद्धा नेसत नाहीत." मग त्यानं जाऊबाईंना खुर्चीत बसवलं आणि कॅमेऱ्यापुढं विचारलं, "ताई, तुमच्या आयुष्यातलं काही दुःख सांगा ना."

जाऊबाईंनी विचार केला. म्हणाल्या, "सासूबाई आहेत."

चिखलाचा खड्डा करायला जेसीबी आला आणि पाण्याचे दोन टँकर आले. ते बघून गावात खळबळ झाली. बांधावर उभा राहून एकजण म्हणाला, "प्यायचं पानी आठ दिसाआड, अन् लोळायला टँकर." त्याचं बराबर होतं. दिग्दर्शक घाबरला, पोलीस बोलवू का म्हणाला. मी दुसरा टँकर गावच्या टाकीवर पाठवून दिला आणि चिखल जरा घट्ट ठेवला. खड्डा बुजवायचा नाही, अशी अटही घातली. शेततळ्याचा तेवढाच खर्चा वाचला. मग चॅनलनं रानाभोवती दोरी बांधून गावाला बाहेर काढलं. मोबाईल आत न्यायला बंदी. आत राहिलो आम्ही, आमच्याशी खेळायला आलेल्या मुंबईच्या जिममधल्या मुली आणि सासूबाई. सासूबाईंना बाहेर काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

मुंबईच्या मुली बघण्यासारख्या होत्या. दंड आमच्या मांडीएवढे. त्यांची कप्तान हरियाणाची, उंच, हसरी. चॅनलनं त्यांना वाघिणी नाव दिलं होतं आणि आम्हाला जुन्या वाघिणी. मी म्हटलं, आम्हाला नुसतं वडीगोद्री म्हणा. जुनी वाघीण म्हटलं की पिंजरा आठवतो.

खेळ तीन वाजता होता. दुपारी त्या मुली आमच्या शेतातल्या पत्र्याच्या घरात सावलीला बसल्या आणि आपापले डबे उघडले. आत उकडलेल्या भाज्या आणि अंड्याचा नुसता पांढरा भाग. सासूबाई डोकावल्या.

"हे आजाऱ्याचं जेवन कुनाचं?"

"त्यांचंच आहे, आत्याबाई. त्या तेवढंच खातात."

"माझ्या रानात आलेलं मानूस डब्यातलं खाऊन जाईल? शहागडला कळलं मंग?"

पुरण त्यांनी सकाळीच शिजवून ठेवलं होतं. आमच्याकडं दारात आलेल्याला उपाशी उठवत नाहीत, मग तो सोयरा असो, नाहीतर मोजणीला आलेला सर्व्हेअर. या पोरी थोड्या वेळानं आपल्याच सुनेला चिखलात ओढणार आहेत, हे सासूबाईंना माहीत होतं. पण त्यांच्या लेखी मुकाबला वेगळा आणि पंगत वेगळी. त्यांनी पत्रावळी मांडल्या. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई, भजी आणि पातेलंभर आमरस. तूप वाढायला त्या स्वतः उभ्या राहिल्या. कॅमेरावाला मागं मागं.

जाऊबाई तेव्हा चॅनलच्या गाडीत होत्या, त्यांच्या तोंडाला पावडर लावणं चाललं होतं. मी मात्र तिथंच होते. पण पाहुण्यांच्या पानातली पोळी काढून घ्यायची पद्धत आमच्याकडं नाही.

"दादी, बस. मैच है," कप्तान म्हणाली.

"मॅच पळून चालली क्या?" सासूबाईंची हिंदी निजामाच्या काळातली आहे. "इत्तासा क्या खाती बेटा? खाव, खाव. लाजू नको."

पहिली पोळी त्या पोरींनी भीतभीत खाल्ली. दुसरी आवडीनं खाल्ली. तिसऱ्या पोळीनंतर वाघिणींनी स्वतःहून पानं पुढं केली. वर्षानुवर्षं उकडलेलं खाल्लेल्या पोरी, त्यांचा तरी काय दोष? कप्तान तर आमरसाचं पातेलं मांडीशी घेऊन बसली. म्हणाली, तिच्या आजीकडंही असंच तूप असतं. एकीनं ट्रॅकपँटची नाडी सैल केली. मी माझ्या कूलरची जागा मनात नक्की केली.

तीन वाजता दोर धरला. शिट्टी वाजली. आम्ही मागं झुकलो, आणि समोरून काहीच आलं नाही. ट्रॅक्टर जास्त जड होता. एक वाघीण दोर सोडून तोंडावर हात धरून बांधाकडं पळाली, दुसरी मटकन खाली बसली, उरलेल्या सरळ चिखलात आल्या. पापड मोडायला जास्त वेळ लागतो.

आम्ही ओरडलो, एकमेकींना मिठ्या मारल्या. बाजूला सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. "माझ्या पुरनाचं काम हाय हे!" त्या कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या. "माझ्या पोळीनं ओढलं!"

मिठी मारायला मी जाऊबाईंकडं वळले, तर त्या दोर कमरेला तसाच घेऊन उभ्या. चेहरा करपलेल्या भाकरीसारखा. त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या, "हे धरायचं नाही. पुन्हा ओढायचं."

"ताई, तुम्ही जिंकलात! एकदम मस्त झालंय."

"आम्ही नाही जिंकलो. आमच्या सासूबाई जिंकल्या. त्या पोरींना पचू दे, मग ओढू."

"उजेड जाईल ताई."

"उन्हाळा आहे. सातपर्यंत उजेड असतो." असं म्हणून त्या दोरावर बसल्या. दोर चॅनलचा, बाई आमची. काय करणार?

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाई, जिंकलोय तर घ्या ना. कूलर आहे."

"तुला मी कूलर घेऊन देते."

तो अजून दिलेला नाही.

मग सासूबाई आल्या. "जिंकलीस ना? मंग गप बस की. माझं समदं जेवन वाया घालवून राह्यलीस."

"आत्याबाई, हे असं टीव्हीत गेलं, तर उद्या तुम्हीच म्हणणार की पोळीनं ओढलं."

"म्हननारच. खरंच हाय ते."

"म्हणूनच," जाऊबाई म्हणाल्या आणि दोरावर मांडी घालून बसल्या.

दिग्दर्शकानं कुणाला तरी फोन केला, टोपी सरळ घातली, पुन्हा उलटी घातली. शेवटी हो म्हणाला. वाघिणी लिंबाखाली आडव्या झाल्या. सासूबाई पुटपुटत ओवा आणि हिंग घातलेलं ताक घेऊन प्रत्येकीजवळ जाऊन आल्या. स्वतःच चारलेलं स्वतःच जिरवत होत्या. तासाभरात अर्ध्या जणी घोरत होत्या.

ऊन कलल्यावर पुन्हा दोर धरला. या वेळी समोरून जे आलं, ते मी जन्मात विसरणार नाही. ट्रॅक्टर निदान न्यूट्रलला असायचा, या गिअरमध्ये होत्या. तरी आम्ही हललो नाही. जाऊबाई मागून ओरडत होत्या, "थांब... थांब... ओढ!" एकदा तर समोरच्या दोघी चिखलाच्या काठावर आल्या. कप्तानच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. मला वाटलं, आला कूलर. मग आमच्यातल्या एकीचा पाय घसरला आणि सगळं गेलं. मी दोराला सगळ्यात पुढं होते, त्यामुळं चिखलात पहिली मीच. बाकीच्या दोर सोडून बाजूला झाल्या. जाऊबाईंनी सोडला नाही. आठ जणी त्यांना पालथ्या ओढत होत्या, आणि त्या पाय रुतवायला माती शोधत होत्या. खड्डा संपून पलीकडचा काठ आला तरी दोर हातात होता.

उठून त्यांनी तोंडातला चिखल थुंकला. "हं," त्या म्हणाल्या, "हे झालं."

सासूबाईंनी फक्त एवढं विचारलं, "हरलीस ना?"

"हरले."

"मंग आधीचंच काय वाईट व्हतं?" असं म्हणून त्या पातेली घासायला लावायला गेल्या. आम्हाला प्रत्येकी एक टी-शर्ट मिळाला. माझा मला होत नाही.

भाग पावसाळ्यात दाखवला. तोवर आमच्या खड्ड्यात छान पाणी साठलं होतं. या खेपेला गल्ली बोलवायची नाही, असं जाऊबाईंनी बजावलं. पण सासूबाईंनी शहागडला फोन करून ठेवला होता, की टीव्ही लाव, मी दिसनार हाय, पोळ्या वाढताना. त्या नवी साडी नेसून टीव्हीपुढं बसल्या. दिसायचं होतं टीव्हीच्या आत, साडी नेसल्या बाहेर.

भाग सुरू झाला. खड्डा दिसला, वाघिणी दिसल्या, मी ओझरती दिसले, तीही पाठमोरी. जाऊबाई दिसल्या. "पंचवीस वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात जिंकलेल्या," असं निवेदक म्हणाला आणि त्यांचं परतूर सांगितलं. सासूबाई टीव्हीकडं बघत राहिल्या. मग दोर ओढला, तो दुसरा डाव. पहिला त्यांनी दाखवलाच नाही. जाऊबाई पालथ्या पडून चिखलातून चालल्या होत्या, आणि हातातला दोर सुटत नव्हता. टीव्हीवाल्यांनी ते हळू करून दोनदा दाखवलं, खाली वाजंत्री लावली.

सासूबाई म्हणाल्या, "सोडायचा न् बाई दोर. नाक गेलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या येळीबी आशीच वढली असशील मंग."

"अशीच," जाऊबाई म्हणाल्या. "फक्त तेव्हा जिंकलो होतो."

सासूबाईंनी मान डोलावली. मग विचारलं, "मला कवा दाखवनार?"

दाखवलं नाही. कार्यक्रम संपला, साबणाची जाहिरात लागली. पंगत नाही, पोळी नाही, तूप नाही. मी चॅनलच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मॅम, खूप छान शूट झालं होतं, पण वेळेत बसलं नाही." बाहेर पडवीत सासूबाई नव्या साडीत बराच वेळ बसून होत्या. मी जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात शहागडच्या मावशी आल्या. पायावर पाणी घेऊन आत आल्या, टेकल्या आणि सुरूच झाल्या.

"आक्का, बघितला बाई तुझा टीव्ही. परतूरवाली दिसली. चांगली लोळली. पन तू कुठं व्हतीस?"

"मी त्या पोरींला जेवू घातलं. माझी मोप शूटिंग केली त्यांनी. मी वाढून राह्यली व्हती, तवा कॅमेरा पार पानात घातला व्हता."

"मंग दाखवलं न्हाई?"

"कापलं."

"हां," मावशी म्हणाल्या. "कापलं आसंल."

हा 'हां' आमच्या घरात पंचवीस वर्षं ऐकलेला होता. चाल तीच, लांबी तीच. दोघी सख्ख्या बहिणी, असणारच. फरक एवढाच, की या वेळी तो सासूबाईंच्या अंगावर आला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला हातानं थांबवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं मान वळवली.

"परतूरवाले," त्यांनी हाक मारली. आवाज जरा खालचा होता. "तू सांग की मावशीला."

जाऊबाई चहा गाळत होत्या. त्यांनी ऐकलं, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. त्यांनी सगळे कप भरले. बशीत खारी मांडली. कपाच्या कडेला लागलेला थेंब पदरानं पुसला. गाळणी धुतली, ती लगेच धुवायची काही गरज नव्हती. सासूबाई दाराकडं बघत होत्या आणि मावशी सासूबाईंकडं. जाऊबाई ट्रे घेऊन बाहेर आल्या, मावशींना कप दिला, मला दिला, मग सासूबाईंपुढं धरला.

"होत्या, मावशी," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंच्या पोळीनं आम्ही पहिला डाव जिंकला. टीव्हीवाल्यांनी कापला."

मावशींनी खारी चहात बुडवली आणि ती विरघळली तरी काढायच्या विसरल्या. सासूबाईंनी एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात सकाळी जाऊबाई म्हणाल्या, आज गॅसवाला येणार आहे. सासूबाई म्हणाल्या, "मंग टाकी भाईर काढून ठेव." टाकी दिवसभर ओट्यावर उभी होती. गॅसवाला आला नाही. दिवे लागल्यावर सासूबाई म्हणाल्या, "टाकी आत घे. उद्या येईल."